चार बाटल्या, पंधरा गोळ्या

औषधं न घेणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा आहे. बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे, शेजारणीनं सांगितलं म्हणून अर्ध्या करणारे, असे सगळे नमुने पाहिलेत. पालथ्या घड्यावर पाणी ओतून शेवटी माझाच घसा कोरडा पडतो. म्हणूनच काजवाल्या ताई मला आवडायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराला त्या दुकानात हजर म्हणजे हजर.

कोटाची काजं हातानं करणारं आमच्याकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं. पलीकडच्या रस्त्यावरचे टेलर-मास्तर कोट शिवायचे आणि काजांसाठी ताईंकडे पाठवायचे. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर कोट, सुईत रेशमी दोरा, आणि एकेका काजाला पाऊण तास. त्यांनी लग्न केलं नाही. धाकटी बहीण सोबत राहायची, तीही गेल्या वर्षी वारली.

ताईंना आमवात होता. सकाळी बोटं ताठ व्हायची, मूठ मिटायची नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली होती, दर शुक्रवारी. दुखो न दुखो, चुकवायची नाही, असं बजावून. गोळीनं हात ताळ्यावर आला होता आणि काजं चालू होती.

बहीण गेल्यावर ताई दुकानात म्हणाल्या, "गोळीची पट्टी फोडता येत नाही हो मला. बहीण फोडून द्यायची."

माझ्यातला परोपकारी लगेच जागा झाला. महिन्याच्या चारही गोळ्या काढून मी बाटलीत भरल्या. बाटलीही साधी नाही, दुकानातली सगळ्यात चांगली. दाबून मग फिरवायचं झाकण, लहान मुलांच्या हाती औषध लागू नये म्हणून केलेलं. ताईंच्या घरात मूल सोडा, मांजरसुद्धा नव्हतं. पण एवढा विचार करतो कोण? "एकदम घट्ट आहे बघा," मी स्वतःची पाठ थोपटत म्हणालो.

"फार उपकार झाले," ताई म्हणाल्या.

पुढे दर महिन्याला तशीच बाटली. मी विचारायचो, "हात कसे आहेत?" त्या म्हणायच्या, "आहेत बरे." चौथ्या महिन्यात मात्र म्हणाल्या, "गोळी लागू पडत नाही असं डॉक्टर म्हणतात. अजून महिनाभर बघून वाढवणार आहेत."

पाचव्या महिन्यात ताई आल्याच नाहीत. टेलर-मास्तर आले, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. "ताईंनी तीन कोट तसेच परत पाठवले," ते म्हणाले. "एकालाही काज नाही. आता मशीनवर देतो. किती दिवस थांबू?"

दुपारी दुकान बंद करून मी गोळ्या घेऊन ताईंकडे गेलो. नुसती कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला. आत खिडकीपाशी खुर्ची होती, मांडीवर घ्यायला कोट नव्हता. फळीवर माझ्या चार बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. मी एकेक उचलून हलवली. सगळ्या खुळखुळल्या. उघडून मोजल्या तर पंधरा गोळ्या.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "ताई, तुम्हीसुद्धा? अहो, बोटं वाकडी झाली की पुन्हा सरळ होत नाहीत! डॉक्टरांना काय सांगत होतात?"

"घेते म्हणून."

त्यांनी एक बाटली माझ्याकडून बंद करून घेतली, दोन्ही तळव्यांत धरली आणि झाकण फिरवलं. ते कट-कट वाजत नुसतंच गोल फिरत राहिलं. कितीतरी वेळ त्या प्रयत्न करत होत्या. मीच शेवटी म्हटलं, "पुरे."

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेनं भरून दिलीत. कसं सांगणार? एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. त्यांनी उघडली, एक गोळी हातावर ठेवली, आणि सवयीनं झाकण परत घट्ट लावून दिलं. आता दर शुक्रवारी कोणाचं दार वाजवायचं?"

"पण मग दर महिन्याला नवीन कशाला नेत होतात?"

ताई खिडकीकडे बघत राहिल्या. "तुम्ही विचारता ना, हात कसे आहेत म्हणून. दुसरं कोणी विचारत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथूनच मी डॉक्टरांना फोन केला आणि माझ्या शहाणपणासकट सगळं सांगितलं. गोळी वाढवायची नाही, रक्त तपासून जुनीच सुरू करायची, असं ठरलं. फोन ठेवून मी म्हणालो, "उद्याच साधं झाकण आणून देतो. बोटाच्या धक्क्यानं निघेल असं."

"नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "हीच असू दे. दुकानातच ठेवा. मी दर शुक्रवारी येत जाईन, तुम्ही उघडून द्या."

उजव्या हाताची दोन बोटं सरळ झाली नाहीत ती नाहीतच. मास्तरांचे कोट मशीनवर जातात. ताई शुक्रवारी अकराला येतात. मी झाकण दाबतो, फिरवतो, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवतो आणि पाण्याचा पेला धरतो.

"हात कसे आहेत?" मी विचारतो. आता त्या खरं सांगतात. त्याला वेळ लागतो. मागे रांग वाढत जाते, आणि मी ती वाढू देतो.