सीमेबाहेरचा निळा रंग

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे आजच लावतोय, कारण चैन पडत नाहीये.

मुलुंडच्या शाळेच्या वर्गात मी भिंतीवर भारताचा नकाशा रंगवला होता. निळा रंग उरला, म्हणून सीमेबाहेर सगळीकडे समुद्रच फासला. आज शिडी न्यायला गेलो (चहा झकास मिळाला, ते असो), तर बाई ‘देश अनेक, माणूस एक’ शिकवत होत्या. प्रत्येकानं आपल्या गावावर कुंकवाचा ठिपका लावायचा होता.

निर्वासित छावणीतली सिंधी मुलगी उठली. तिचं बोट सीमेपलीकडे, निळ्यावर थांबलं.

“अगं, तुझं गाव बुडालं!” मागून एक मुलगा ओरडला. वर्ग हसला.

“मुलुंडवर लाव ना, आता इथलीच तू,” बाई म्हणाल्या.

तिनं बोटाचं कुंकू फ्रॉकला पुसलं.

उद्या तिथं जमीन रंगवतो. पण तिला काय सांगू, कुणी सुचवाल?