मंडईच्या आधी बदललेले शॉकअप

शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही. पण नट कोणत्या बाजूला फिरवला की सुटतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण त्या दिवाळीत मला शिकवायला निघालेल्यांची काही कमी नव्हती.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री गावकऱ्यांच्या लोकनाट्याची दंडार नाचते, घराघरात पाहुणे उतरतात. सानगडी माझ्या बायकोचं माहेर. तिथल्या मंडईला मी तिला दरसाल माझ्या गाडीनं नेतो. त्या वर्षी ओटा सारवता सारवता, मान वर न करता ती म्हणाली, "मी यष्टीनं जाईन. तुमच्या गाडीत माही कंबर मोडते."

माझ्या दारात गाडी उभी आणि ही बाई पिशवी घेऊन फाट्यावर यष्टीची वाट पाहणार. तिचे भाऊ विचारणार, जवाई कुठं राहिले. माझ्या डोक्यात सणक गेली. पण ती खोटं बोलत नव्हती. गाडी मागून दाबली की झुल्यासारखी वरखाली होत राहायची. मागचे दोन्ही शॉकअप गेले होते, तेल गळून नळ्या काळ्या पडल्या होत्या. आता रेतीच्या ट्रकांनी रस्त्याची चाळणी केली, त्याला मी काय करू? ट्रकवाल्याला कोणी विचारत नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला मात्र सगळे सांगतात, गाडी जुनी झाली.

साकोलीच्या एका गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, मान गाडीकडे वळवायचीही तसदी नाही. म्हणाला, मंडईचे दिवस आहेत, गाडी ठेवून जा, वेळ मिळेल तेव्हा पाहू. आणि वर, बाबा, आता विकूनच टाका. मी तसाच फिरलो, दुकानातून मागचे दोन शॉकअप घेतले आणि गाडी घरी आणून अंगणात लावली.

खालचा बोल्ट गंजला होता. त्यावर मातीतेल, म्हणजे रॉकेल, ओतलं, शिव्या दिल्या, सुटला. अडलं ते वरच्या नटाशी. तो डिक्कीच्या आतून सोडावा लागतो, आणि वर पाना फिरवला की शॉकअपचा दांडाही त्याच्यासोबत फिरतो. एकानं वर पाना चालवायचा, दुसऱ्यानं खाली झोपून नळी पकडायची. बायकोला वाकता येत नाही. तिनं मला न विचारता कुंपणापलीकडून माझ्या चुलत भावाला हाक मारली.

या भावाशी मी बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यानं माझ्या धानाच्या बांधीची पार, म्हणजे बांध, फोडून तलावाचं पाणी स्वतःच्या धानाला घेतलं. आला, सरळ डिक्कीत शिरला. मी खाली झोपलेलो. मधे बायको.

मी म्हणालो, "सांग त्याले, नट झिजवू नको म्हणा."

वरून आवाज आला, "वहिनी, दादाले सांगा, नट कधीचाच झिजला हाये. मालकासारखा."

ती हसली. मला काही हसू आलं नाही. एका बाजूचा शॉकअप असाच निरोपानिरोपी करत बदलला. दुसऱ्या बाजूला जॅक लावला तेव्हा मी खाली फळी ठेवली नाही. आमचं अंगण म्हणजे वर्षानुवर्षं बैलांच्या पायाखाली धान चुरून दगडासारखं झालेलं. पण पाहुणे येणार म्हणून बायकोनं नवी माती टाकून सारवलं होतं. वरून कोरडं, आत ओलं. चाकाजवळचा लाकडी ठोकळा मी लावणारच होतो, त्याआधी खाली शिरून जरा पाहत होतो.

जॅक खचायला लागला ते मला दिसलंच नाही. बाहेर उतरलेल्या भावाला दिसलं.

"दादा, भाईर निघ."

तो ओरडला नाही. पण निरोपही नव्हता तो, थेट मलाच बोलला. मी अंग बाहेर ओढलं आणि गाडी एका कुशीवर मातीत बसली. जिथं माझं डोकं होतं, तिथंच.

मला संतापच आला. जॅकवर, मातीवर. मी बायकोवर खेकसलो, "कोणी सांगितलं होतं तुले इतकी माती टाकाले?"

ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "पाहुण्यांसाठी टाकली. तुम्ही मराव म्हणून नाही टाकली." मग म्हणाली, "राहू द्या ते. यष्टी हाये मले."

भाऊ घरी गेला आणि जाड फळी घेऊन आला. फळीवर जॅक चढवला, ठोकळे लावले, आणि स्वतः खाली शिरायला लागला. मी त्याची बंडी धरून मागे ओढलं. "गाडी माही हाये. खाली मीच जाईन." हे मी त्याला तोंडावर बोललो. पण पहिले तो बोलला, हे लक्षात असू द्या. आणि पाण्याचं भांडण मिटलेलं नाही. ते मिटणारही नाही.

काम पुरं झाल्यावर मागून सगळा भार टाकून गाडी दाबली. एकदाच वर आली आणि थांबली.

मंडईच्या दिवशी बायको नवं लुगडं नेसून पिशवी घेऊन अंगणात आली. फाट्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग घरात गेली, उशी आणली, मागच्या सीटवर पाठीला लावून बसली. मला ती उशी पाहूनच राग आला. प्रत्येक खड्ड्याला मी आरशात तिचं तोंड पाहत होतो. ती खिडकीबाहेर पाहत होती, कोणाचं धान कापून झालं ते सांगत होती.

सानगडी यायच्या थोडं आधी तिनं पाठीमागची उशी काढली आणि बाजूला ठेवून दिली. मी ते आरशात पाहिलं. समोरून आलेल्या रेतीच्या ट्रकाला काच खाली करून शिवी दिली.