निरोगी हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आईसुद्धा हे न कळताच गेली. तुम्हाला का सांगतेय, तेही धड माहीत नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, गावातले नाही, म्हणून असेल.

तशी मी तोंडाची तिखट. चटणी विकणारी बाई गोड बोलून कसं चालेल? बाजारात दुकानदाराला दोन शब्द सुनवायला मी कधी मागंपुढं पाहिलं नाही. पण या एका गोष्टीपुरती माझी जीभ लुळी पडते. कितीदा वाटलं, आता बोलावं. मग कुणीतरी आलं, दूध उतू गेलं, फोन वाजला — कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या गावात आले. सासरी ऊस, म्हशी आणि एक मोठी जाऊ. तिला सगळे अक्का म्हणायचे. माझे थोरले दीर पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. त्यामुळे सासूबाई असल्या तरी घर म्हणजे आम्ही दोघी जावाच. मला भाकरी थापायला अक्कानं शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून म्हणाली, "नंदे, ही भाकरी हाय का सांगली जिल्ह्याचा नकाशा?" आणि इतकी हसली की चुलीतला धूर तिच्या नाकातोंडात गेला. पोरंबाळं तिला झाली नाहीत. माझी शैला तिच्याच मांडीवर वाढली, तिला थोरली आई म्हणायची.

अक्काच्या हातांवर कोड होतं. लग्नानंतर दोनेक वर्षांनी आलं म्हणे. बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे चट्टे, मधूनमधून मूळचा रंग. बाकी अंगावर काही नाही. घरात त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, पण बाहेर जाताना अक्का हात पदराखाली घ्यायची. लग्नाकार्यात फोटोवाला आला की ती उठून पाण्याला जायची. गावात कुणी तोंडावर बोलत नव्हतं — पण बोललं तरच कळतं असं थोडंच असतं?

मीच तिला एकदा सांगलीला डॉक्टरांकडे नेलं होतं. भले गृहस्थ. त्यांनी अक्काचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि मला म्हणाले, "हा काही लागणारा रोग नव्हे. स्वयंपाकपाणी सगळं करू द्या." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मुद्दाम सांगून ठेवते. मला माहीत नव्हतं, मी अडाणी होते, अशी पळवाट मला नाही.

आता चटणीचं. कांदा-लसणाची चटणी आमच्याकडे घरोघरी होते, पण अक्काच्या चटणीचं काही निराळंच असायचं. मिरची डंकावर कुटून आणली की बाकीचं ती परातीत हातानं चोळायची. तळलेला कांदा, लसूण, खोबरं, तेल — तासभर चोळत बसायची. हाताची आग झाली की ताकात बुडवायची, पुन्हा चोळायची. सुट्टीवर आलेले फौजी डबे भरून न्यायचे. मग मला कल्पना सुचली की हे विकावं. दहावी झालेली, शहरात वाढलेली — अक्कल पाजळायला मी सदा पुढं. डबे आणले, चिठ्ठ्या छापल्या, इस्लामपुरातल्या दुकानांत ठेवून आले. खपायची, पण कासवाच्या चालीनं.

तेव्हा नुकतं घरोघरी केबल आलं होतं. केबलवाला दुपारी कॅसेट लावून पिक्चर दाखवायचा आणि मध्यंतरात गावातल्या जाहिराती. साडीचं दुकान, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट, दातांचा डॉक्टर. शेजारच्या बायका त्या जाहिरातीसुद्धा पिक्चरसारख्या बघायच्या, कारण त्यात ओळखीची माणसं दिसायची. मी म्हटलं, आपली चटणी का नको?

विश्रामबागेत माझ्या माहेराजवळ दिलीप नावाचा एक जण लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याला बोलावलं. शूटिंगच्या दिवशी अक्कानं इरकल नेसली होती. आधी "मी कशाला मधी, तूच बोल" असं चाललं होतं, पण दिलीपनं तिला चटणी चोळायला बसवलं आणि ती एकदा कामाला लागली तशी कॅमेरा विसरली. तिनं हात लपवले नाहीत. मी अंगणात उभी राहून पाहत होते आणि मला — खरं सांगते — फार बरं वाटलं होतं. मीसुद्धा कधी चांगली होते, एवढं तुम्हाला कळावं, असं वाटतं की काय मला? असेल.

जाहिरात लागली. अक्का टीव्हीवर! आमचा पुढचा सोपा बायकांनी भरून गेला. अक्का पदर तोंडावर धरून हसत होती आणि बोटांच्या फटीतून स्वतःलाच बघत होती. पुढं बरेच दिवस दुपारी काम टाकून ती मध्यंतराला येऊन बसायची. जाहिरात झाली की उठून जायची. पिक्चरशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मग बाजारातून कुजबुज आली. एक दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक इचारतंय, ते हात कुणाचं हायेत?" दुसऱ्यानं डबे परत दिले. तिसऱ्यानं आमचे डबे मागच्या फळीवर सरकवले. आता तोंडाची तिखट म्हणवणाऱ्या बाईनं तिथं काय बोलायला हवं होतं? ते माझ्या जावेचे हात आहेत, त्याच हातांनी माझी लेक वाढली, आम्ही रोज तेच खातो — एवढं. डॉक्टरांचं एक वाक्य तरी. मी म्हणाले, "बघते, काहीतरी करते."

आणि एसटीनं सांगलीला गेले. घरी सांगितलं, आईला बघून येते.

दिलीपच्या खोलीत बसून मी जाहिरात बदलून घेतली. अक्काचा भाग काढायला लावला. त्या जागी माझे हात घेतले, बांगड्या भरलेले. इथंवर एक वेळ... नाही, इथंवरही नाहीच. पण पुढचं ऐका. बोलणाऱ्याच्या आवाजात आधी होतं, "घरगुती चवीची चटणी." मी म्हटलं, हे बदला. "निरोगी हातांनी बनवलेली चटणी" असं म्हणा.

 दिलीपनं अक्काच्या हातची चटणी-भाकरी खाल्ली होती. म्हणाला, "वहिनी, 'स्वच्छ हातांनी' म्हणूया की. 'निरोगी' कशाला?"

मी म्हणाले, "निरोगीच म्हणा."

तो शब्द माझा. माझ्या तोंडून निघालेला, विचार करून निघालेला. 'स्वच्छ' म्हणून भागलं असतं, पण मला त्या दुकानदारांना सांगायचं होतं की ती बाई आता चटणीला हात लावत नाही. आणि लावत तर होतीच! चटणी तीच करणार होती, मागच्या पडवीत बसून. म्हणजे गिऱ्हाइकाशीही खोटं आणि घरातही.

घरी येऊन मी एका शब्दानं बोलले नाही. पहिल्या दुपारी नवी जाहिरात लागली तेव्हा अक्का नेहमीसारखी बाहेर आली, चोळायचं काम अर्धं टाकून, हात तिखटानं लाल. शेजारच्या दोघी होत्या, सासूबाई होत्या, शैला होती. पडद्यावर माझे हात आले, नुसते हात, कुणाचे ते कुणाला ओळखू आलं नाही. मग तो आवाज आला. अक्का अजून वाट बघत होती. तिला वाटलं, आपण पुढं येऊ. साडीच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली तेव्हा तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मोरीत जाऊन धुतले. खूप वेळ पाण्याचा आवाज येत होता.

 शेजारणी चहा न घेता गेल्या.

संध्याकाळी आमचे हे शेतावरून आले, त्यांना शैलानं सांगितलं. ते भडकलेच. दिलीप राहिलेलं सामान न्यायला येणार होता, तो आल्यावर अंगणातच त्याला धरलं. "कुणाला इचारून घातलंस रं हे? आमच्या वैनीला कोड हाय म्हणून तू टीव्हीवर जाहीर करतोस व्हय?" मी दाराआड उभी होते. दिलीपनं एकदा दाराकडे बघितलं. मी दिसत होते त्याला. त्यानं नाव घेतलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. बहुतेक त्यालाच खोटं पाडलं असतं. पण त्यानं मान खाली घातली, "चुकलं दादा" म्हणाला आणि निघून गेला. आमच्या भावकीतल्या लग्नांचं शूटिंग तोच करायचा. ती त्याची सगळी कामं गेली. मी तर चारचौघींत बोलून दाखवलं, "मेल्याचं तोंड बघणार नाही पुन्हा." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

आणि अक्का? ती माझ्याजवळ येऊन बसली. मला रडू फुटलं होतं, भीतीनं. तिला वाटलं, तिच्यासाठी. पाठीवरून हात फिरवायला तिनं हात उचलला आणि मधेच थांबवला. तसाच मागं घेतला. म्हणाली, "तू कशाला रडतीस? त्या बाहेरच्या माणसाला काय ठावं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं चटणी सोडली. मग भाकरी सोडली. कुणी सांगितलं नाही, तिनंच सोडलं. परात माझ्यापुढं सरकवायची आणि झाडलोट, जनावरं, शेण असली कामं धरायची. "तुझ्या हाताला आता चव आलीया" म्हणायची. शैलाच्या वेण्या घालायचं बंद केलं. पोर रडली, भांडली, काही उपयोग झाला नाही. थोरले दीर सुट्टीवर आले तेव्हा त्यांचं ताटसुद्धा मला वाढायला लावलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "अक्का ऐकतच नाहीत."

एक वाक्य पुरलं असतं. "अक्का, तो शब्द मी घातला, झक मारली, माफ करा." ती रागावली असती, दोन-चार दिवस अबोला धरला असता. पण परक्यानं जगजाहीर केलं, म्हणजे सगळं जग तसंच समजतं, असं जे तिच्या मनानं घेतलं, ते तरी निघालं असतं. निदान तिला कळलं असतं की ते जगाचं म्हणणं नव्हतं, घरातल्या एका लोभी बाईचं होतं. मी बोलले नाही. आणि धंदा चालला. जोरात चालला. पाप केलं की धंदा बसतो, असं काही नसतं, मी बघितलंय.

नव्वदचं दशक सरता सरता शैलाचं लग्न ठरलं, साताऱ्यात. आमच्यात लग्नाआधी मुहूर्ताची हळद जात्यावर दळतात. पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात, पहिला हात घरातल्या थोरलीचा. जातं मांडलं, ओव्या म्हणणाऱ्या बायका आल्या आणि अक्का खांबाला टेकून लांब उभी. शैला म्हणाली, "थोरली आई, तू हात लावल्याबिगर मी पाटावर बसणार न्हाई."

अक्का हसली. "पोरी, शुभाचं काम हाय. निरोगी हात लागू देत."

 सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी नवरीची आई. मी सांगितलं तर अक्काला ऐकावंच लागलं असतं. तिचा हात धरून खुंट्यावर ठेवायचा, एवढंच काम होतं. पण ठेवता ठेवता तोंडून सगळं बाहेर पडेल, या भीतीनं मी जागची हलले नाही. म्हणाले, "चला गं, मुहूर्त टळेल." आणि पहिला हात मी लावला.

शैला त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. सासरी जाताना अक्काच्या गळ्यात पडून रडली. अक्का दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. गावातल्या बायका बघायला यायच्या. एका दुपारी चौघीजणी तिच्या खाटेभोवती बसल्या होत्या आणि मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि तिनं माझा हात बाजूला सारला. तिला बोलायचं होतं.

"आवं, माझ्या जावंनं मला कवा येगळं मानलं न्हाई," ती त्यांना सांगायला लागली. दम लागत होता तरी सांगत होती. "तो व्हिडिओवाला तसं बोलला, तर हिनं त्याचं तोंड बगितलं न्हाई पुन्यांदा. माझ्यापायी. सख्खी भन करणार न्हाई एवढं."

बायकांचे डोळे भरून आले. एक म्हणाली, "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, कौतुकानं लाजली. मी तसंच वाटू दिलं. वाटीत पेज उरली होती, ती अक्काला भरवली.