साहेबांचा दुभाष्या

पडद्यावर माझा बाप उकिडवा बसलेला होता.

धुतलेल्या चादरीचा पडदा, भिंतभर. त्यावर मॅजिक लँटर्नच्या काचेतून पडलेला बाबा, माणसाहून मोठा. अंगात बंडी नाही, कमरेला आखूड धोतर, गुडघे हनुवटीपाशी, हात मातीत. साहेबांनी वेताची छडी त्याच्या गुडघ्यावर टेकवली आणि इंग्रजीत म्हणाले, "हा मोर्शीकडचा नमुनेदार बागवान. झाड आजारी होतं, हे याला झाड मेल्यावर कळतं."

पुढे खुर्च्यांवर वकील, देशमुख, कापसाचे व्यापारी बसले होते. ते हसले. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मागे सतरंजीवर गावोगावचे शेतकरी होते, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि साहेबांचं बोलणं त्यांना मराठीत सांगणं हे माझं काम होतं.

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. माझ्याच बापाबद्दल.

आणि बाप तिथेच होता. दाराशी, सगळ्यांच्या जोड्यांजवळ. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, मांडीशी संत्र्यांची टोपली. मी त्याला बोलावलं नव्हतं. गावात जाहिरात लागली ती कोणीतरी वाचून दाखवली, म्हणून तो आपल्या पायानं आला होता. तो येताना मी त्याला पाहिलं आणि मान वळवली. शिपाई त्याला म्हणाला, "जोड्यापाशी बस." तो बसला. मी ऐकलं आणि खिडक्यांना काळं कापड लावत राहिलो.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात ही सभा होती, तिथेच मी तेव्हा डेमॉन्स्ट्रेटर होतो. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. माळ्याचा मुलगा बी.एस्सी. झाला म्हणून आमच्या तालुक्यात माझी पाठ थोपटून झाली होती. नोकरी कच्ची होती. पक्की होणार की नाही ते साहेबांच्या शिफारशीवर. साहेब म्हणजे आमचे प्रोफेसर, पुण्याचे. ते म्हणायचे, "तुमचं वऱ्हाडी मला कळत नाही. आणि विद्यापीठाचं व्याख्यान इंग्रजीतच शोभतं." म्हणून दुभाष्या. मराठी माणसाला मराठी माणसांशी बोलायला दुभाष्या. मला तो मान वाटला होता. नवा कोट शिवून घेतला होता मी त्यासाठी.

त्या वर्षी विद्यापीठानं वऱ्हाडात ठिकठिकाणी व्याख्यानं द्यायची टूम काढली होती. जाहिरातीवर ठळक अक्षरांत छापलं होतं: विद्यापीठ रयतेच्या दारी. प्रत्यक्षात रयतच विद्यापीठाच्या दारी बसायची. जोडे राखत.

विषय संत्र्याचा. मोर्शीकडे तेव्हा संत्र्याच्या झाडांना डिंक सुटायचा. खोडाची साल फुटायची, डिंक वाहायचा, दोनतीन वर्षांत झाड वाळून जायचं. आमच्या बागेतलीही झाडं गेली होती. बाबा शाळेत गेला नव्हता, पण डोळे उघडे ठेवून वावरात फिरायचा. त्याच्या लक्षात आलं की बांधाच्या चढावर असलेली झाडं जगतात, कारण ओलिताचं पाणी त्यांच्या खोडाला लागत नाही. मग त्यानं प्रत्येक झाडाला दोन आळी केली. आतलं आळं कोरडं, उघडं. पाणी फक्त बाहेरच्यात. आणि कलमाचा डोळा लोक जमिनीपासून चार बोटांवर बांधत, तो बाबा वीतभर उंच बांधायला लागला, म्हणजे सांध्याला ओल लागू नये. लोक हसले. दहा वर्षं हसले. मग त्यांच्या बागा गेल्या आणि आमची उभी राहिली.

हे मीच साहेबांना सांगितलं होतं. हौसेनं. मीच त्यांना आमच्या बागेत घेऊन गेलो होतो.

तीन दिवस साहेब आले. मायनं अंगण सारवलं, पिठलंभाकरी केली. साहेबांनी स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायलं आणि आमच्या घरचं काही खाल्लं नाही. संत्री मात्र खाल्ली. ती स्वतः सोलता येतात. चिखल होता म्हणून ते खाटेवरून खाली उतरले नाहीत. बाबा झाडाशी बसून हातानं माती सारून दाखवायचा, मी इंग्रजीत सांगायचो, साहेब खाटेवरून लिहून घ्यायचे आणि चित्र काढायचे. मग त्यांनी फोटो घेतला. बाबा बंडी घालायला उठला तर म्हणाले, नको, असाच राहू दे त्याला.

तर त्या सभागृहात पुढची काच पडद्यावर आली. दोन आळ्यांचं चित्र. साहेब म्हणाले, ही पद्धत आमच्या विभागानं शोधून काढली आहे. मी मराठीत सांगितलं, ही पद्धत साहेबांच्या विभागानं शोधून काढली आहे. आमच्या विभागात संत्र्याचं एक झाड नव्हतं. कुंडीत शेवंती होती, तीही शिपायानं लावलेली.

शिवाय चित्र चुकलेलं होतं. आतलं आळं उघडं ठेवायच्या जागी साहेबांनी तिथे मातीचा ढीग काढला होता, थेट सांध्यापर्यंत. खाटेवरून त्यांना तेवढंच दिसलं असावं. "खोडाला माती चढवा," ते म्हणाले. मी म्हणालो, "खोडाला माती चढवा." मला चूक कळत होती. मी माळ्याच्या पोटी जन्मलो आहे, मला कशी नाही कळणार?

बाबा उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"सायेब, हे आळं तं आमच्या बगीच्यातलं हाय. पन उलटं झालं बाप्पा. खोडाले माती लावू नोका. सांध्याले वारा लागला पाह्यजे, नाही तं डोळा सडते, झाड मरते."

सगळे वळून पाहू लागले. साहेब हसले. मग मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतो आहे तो?"

 पक्की नोकरी डोळ्यांपुढे आली. खरं सांगतो, बाप समोर उभा होता आणि मला नोकरी दिसली.

मी इंग्रजीत म्हणालो, "सर, तो तुमचे आभार मानतो आहे."

"त्याला बसायला सांग. आणि लोकांना सांग, हे आम्ही प्रयोगशाळेत करून पाहिलं आहे."

मी मराठीत म्हणालो, "म्हातारबा, खाली बसा. साहेबांनी हे प्रयोगशाळेत करून पाहिलं आहे."

म्हातारबा म्हणालो मी त्याला. परक्या माणसाला म्हणतात तसं. बाबानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे पाहिलं, आणि खाली बसला. हा माझा पोरगा आहे असं तो एका शब्दानं म्हणाला असता तर माझी लाज निघाली असती. तो म्हणाला नाही. पुढच्या खुर्च्यांवर दोन्ही भाषा उत्तम जाणणारे चाळीसएक लोक होते. मी खोटं बोललो हे त्या प्रत्येकाला कळलं होतं. एकानंही ब्र काढला नाही.

सभा संपली. टोपली शिपायानं साहेबांच्या टांग्यात ठेवली. मी बाबाला मोटार-स्टँडवर सोडायला गेलो. रिकाम्या हातांनी तो पुढे चालत होता. मग म्हणाला, "तू काय सांगतलं त्यायले?"

"तुम्ही म्हणालात तेच."

तो चालत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "मंग तू तोंड उघडाच्या आंधीच सायेब हासला काहून?"

मी जागीच थांबलो.

खरं होतं. साहेब आधी हसले होते. मग मला विचारलं होतं. आणि मला एकदम आठवलं, हेच साहेब बाजारात आमच्याकडच्या भाजीवालीशी वांग्यांवरून घासाघीस करतात, तिचा शब्दन् शब्द त्यांना कळतो. बाबाचंही त्यांना कळलं होतं. मी काय सांगतो तेवढंच त्यांना पाहायचं होतं. कुत्र्यापुढे काठी फेकून पाहतात तसं. आणि मी धावत जाऊन ती तोंडात धरून आणली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती कोणावर काढणार? साहेबांवर काढायला निघालो तर मध्ये मीच उभा.

बाबा मोटारीत चढला. मागे वळून पाहिलं नाही.

महिन्याभरात साहेबांची पुस्तिका छापून आली. चित्र तेच, मातीचा ढीग तोच. खाली साहेबांचं नाव. मी साहेबांना भीतभीत म्हणालो की सर, चित्रात एक चूक राहिली आहे. ते म्हणाले, "तुमची शिफारस कालच पाठवली मी." एवढंच म्हणाले. मला समजलं. त्यांना समजलं की मला समजलं.

पुढचं व्याख्यान पातूरला होतं. शाळेच्या पडवीत. तिथली माळी मंडळी त्या वर्षी पहिल्यांदाच संत्रा लावणार होती. नवी कलमं आणून ठेवलेली, मुळाशी ओलं गोणपाट. बायकासुद्धा आल्या होत्या, वावरातून तशाच, हाताला माती. माझ्या मायच्या हाताला असते तशी.

पडद्यावर बाबा आला. उकिडवा. मग चित्र आलं. साहेब म्हणाले, "खोडाला माती चढवा, सांध्यापर्यंत."

मी बोललो नाही.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. मी तरी बोललो नाही. मग लोकांकडे वळलो आणि घरी बोलतो त्या भाषेत बोललो. कोट घातल्यापासून ती मी चारचौघांत बोललो नव्हतो.

"सायेब सांगून राहिले का खोडाले माती चढवा. चढवू नोका. झाड मरन. ही रीत सायेबाची नाही, पडद्यावर जो मानूस दिसला ना उकिडवा बसेल, त्याची हाय. तो माहा बाप हाय. त्यानं अमरावतीले भर सभेत सायेबाले चूक दाखवली. आन् मी सायेबाले खोटं सांगतलं."

 मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुह्या बापाचं नाव काय गा?"

मी बापाचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. 

तेव्हा साहेब उठले. चेहरा लाल. आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "याचं डोकं फिरलंय. याच्याकडे कोणी लक्ष देऊ नका."

एक बाई पुढेच बसली होती. पदर सावरून ती उभी राहिली. रागानं नाही, खरंच विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "सायेब, तुमाले मराठी येते. मंग ह्याले काहून आनलं?"

साहेबांनी काचा पेटीत भरल्या आणि ते निघाले. पेटी उचलायला मी गेलो नाही.

मी मोर्शीला आलो आणि बाबाला सगळं सांगितलं. तो कलमाला डोळा बांधत होता. मला वाटलं होतं, निदान पाठीवर हात ठेवील. त्यानं सुतळीची गाठ मारली आणि म्हणाला, "पातूरच्यायले सांगतलं. अमरावतीले जे बसले होते, त्यायले कोन सांगन?"

बरोबर होतं. ते लोक सतरंजीवरून उठून आपापल्या गावी गेले होते. बाबाचं त्यांनी ऐकलं होतं, पण विद्यापीठापुढे माळ्याचं कोण धरतो? ते माती चढवत होते. त्या सभेला आलेल्यांची नावं मीच लिहून घेतली होती. वहीची एक नक्कल माझ्याकडे होती.

कॉलेजातून पत्र आलं. लेखी माफी मागा, इंग्रजीत, म्हणजे नोकरीचा विचार करू. मी उत्तर दिलं नाही. वही घेतली, कोट खुंटीला लावला आणि निघालो.

या गोष्टीला चार वर्षं झाली. बागेचं काम आटोपलं की मी जातो. गाव विचारत, घर विचारत. काही ठिकाणी झाडं आधीच मेलेली असतात. तिथे शिव्या खातो. त्या माझ्याच आहेत. जिथे जिवंत आहेत तिथे उकिडवा बसतो, हातानं खोडाजवळची माती काढतो आणि सांगतो, त्या दिवशी मी खोटं बोललो, जोड्यांजवळचा माणूस खरं बोलत होता, तो माझा बाप. वहीतली अकरा नावं अजून राहिली आहेत. ती झाल्याशिवाय मी थांबणार नाही.

कॉलेजाचं दुसरं पत्र गेल्या महिन्यात आलं. अजूनही माफी मागायची संधी आहे म्हणतात. माफी मी मागतोच आहे. दारोदार. त्यांचं दार वहीत नाही.