कायमस्वरूपी व्हिलन

सदर इसमाचे नाव तातेराव. वय अंदाजे बावन्न. राहणार केदारखेडा शिवार, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. बांधा मजबूत, आवाज पहाडी, मिशी स्वतःची. व्यवसाय सालगडी. यात्रेच्या नाटकातील पद व्हिलन, कायमस्वरूपी.

या पदाची जाहिरात कधी निघाली नव्हती. तातेराव ज्यांच्या शेतात पाडव्यापासून पाडव्यापर्यंत राबायचे, ते भुजंगराव दरवर्षी हिरो होत, आणि शेवटच्या अंकात हिरोच्या हातचा मार खायला कुणीतरी लागतंच. उलटा हात उचलणार नाही याची खात्री असलेला माणूस गावात एकच होता. भुजंगरावांची थप्पड खरी असे. टाळ्याही खऱ्या.

यंदा अडचण आली. मुलीचं, अक्षताचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही यात्रेला सहकुटुंब येणार असं कळलं. त्यांच्यादेखत मार खायचा, हे तातेरावांना जमेना. जज्जाचं काम द्या, निदान पोष्टमनचं तरी द्या, असं सांगायला ते पात्रं वाटायच्या बैठकीला पारावर गेले. भुजंगरावांनी सगळं ऐकून घेतलं, "व्हिलनबिगर नाटक कसं व्हईल, तात्या?" म्हणाले आणि यादीत तेच नाव लिहिलं.

अक्षता भोकरदनच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. दुपारी बाप न जेवता बसलेला पाहून तिनं डिक्शनरी काढली. हुद्दा नेमका काय आहे, ते तरी कळू दे. शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला निघाला. व्हिला म्हणजे जमीनदाराचा शेतावरचा वाडा. त्या वाड्याच्या जमिनीत राबणारा, तो मूळचा व्हिलन. पुढं गावंढळाला तेच म्हणू लागले, मग नीच माणसाला, मग गुन्हेगाराला. नाटकात तो फार उशिरा आला.

तातेराव डिक्शनरीवर वाकले.

"म्हंजे सालगडी?"

"तसंच धरा, आबा."

"मंग त्यानं केल्तं काय?"

अक्षतानं पानावरून पुन्हा बोट फिरवलं. "काहीच न्हाई. शेतात काम."

"अन् त्याचं नाव खराब कोणी केलं?"

"ज्यांचं शेत होतं, त्यांनी."

चुलीपुढून अक्षताची आई कांताबाई म्हणाल्या, "इतक्या लांब बी भुजंगराव होतेच म्हना."

तातेरावांना हसू आलं नाही. पुढचे आठ दिवस बैलांना पाणी पाजताना ते मधेच थांबत आणि "शेतात काम," असं स्वतःशीच म्हणत. बैल पाणी पिऊन उभे राहत.

पाडव्याला साल संपलं. नवं साल ठरवायला भुजंगरावांनी बोलावणं धाडलं, तेव्हा तातेराव जालना एमआयडीसीच्या टेम्पोत बसले होते. सळयांच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं.

यात्रा भरली. व्याही आले, जेवले, गेले. व्हिलन व्हायला भुजंगरावांनी अकरा जणांना विचारलं. नाटक झालं नाही.