रविवारची घरघर

४ फेब्रुवारीला कानसेनने चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायची सगळी मजुरी, बाराशे पन्नास रुपये, आगाऊ घेतली. पंधरवडा उलटला तरी दोष सापडेना.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला गाता येत नसे, पण बेसूर लगेच कळे. म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. सोमवार ते शनिवार ऑर्गन शहाण्या मुलासारखा वागे. रविवारी मात्र दुसऱ्या गीताला खालच्या एका सुरावर घरघर सुरू. कानसेनने भाता तपासला, एकेक पट्टी काढून पुसली. पालथ्या घड्यावर पाणी.

"मग उपासनेला बसा," पाळकसाहेब म्हणाले. "कळ येते तेव्हा वैद्य हजर हवा."

लग्न आणि मयत सोडल्यास तिशीनंतर कानसेन चर्चची पायरी चढला नव्हता. तो ऑर्गनकडे कान लावून बसला. पण कानाला झाकण नसतं. प्रवचनही आत शिरलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव; आधी जाऊन समेट कर.

वडील गेल्यावर त्यांचा सूर जुळवायचा नादकाटा त्याने न विचारता उचलला होता. तेव्हापासून वडिलांच्याच हाताखाली शिकलेल्या थोरल्या भावाशी अकरा वर्षं अबोला.

त्याने पाळकांना दारात गाठलं. "हे माझ्यासाठी होतं?"

"तुमच्या घरचं मला काय ठाऊक? वाचनाच्या ठरलेल्या यादीत दर तीन वर्षांनी हा उतारा येतोच."

"मग नेमका आज मी का ऐकला?"

"कान तुमचे. तुम्हीच शोधा."

आवाज कुठून येतो हे शोधण्यात कानसेनची चाळीस वर्षं गेली होती. या आवाजाचा उगम सापडेना. सांगणारा खरंच कुणी असेल, तर सांगितलेलं करून पाहिल्याशिवाय ते कळणार कसं?

"जा की," बायको म्हणाली. "मी अकरा वर्षं सांगतेय, ते ऐकू आलं नाही."

मंगळवारी तो नादकाटा रुमालात गुंडाळून थोरल्याच्या दारात उभा राहिला.

"दादा, एक घरघर सापडत नाही."

"अस्सं. अडला हरी," थोरला म्हणाला. "म्हणजे गाढव मी."

कानसेनने रुमाल पुढे केला. "हा तुझा. तेव्हा विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर दिला असता." थोरल्याने काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. सूर विरेपर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "रविवारी किती वाजता?"

रविवारी थोरला शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसला. दुसऱ्या गीताला घरघर उमटली. तो उठला, सगळ्यांदेखत पुढे गेला आणि ऑर्गनशेजारच्या टेबलावरच्या अर्पणाच्या पितळी ताटावर तळहात ठेवला. घरघर थांबली.

"ऑर्गन धडधाकट आहे," उपासनेनंतर तो म्हणाला. "सहा दिवस ताट कपाटात. मग तुला सापडणार कुठून?"

ताटाखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा घातला, काम संपलं. तरी पुढच्या रविवारी कानसेन बाकावर हजर.

"आता काय बिघडलं?" पाळकांनी विचारलं.

"काही नाही. तो दुसरा आवाज अजून सापडायचाय."

मजुरीतला अर्धा वाटा थोरल्याचा ठरला. त्याचे सहाशे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.