आपा पन्नाशीत पोहायला शिकल्या

फोन आपांच्या मुलीचा होता. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. सकाळची नमाज पढून आपा चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. मनात आलं, आता शनिवारी पाण्यात कोण उतरणार? जिवाभावाची मैत्रीण गेली आणि मला हे सुचावं, याची लाज महिना उलटला तरी गेलेली नाही.

नसीमआपा आमच्याच गल्लीतल्या. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात निवडायच्या कामावर होत्या, आणि तरुणपणी खो-खो असा खेळायच्या की त्यांना बाद करता करता समोरच्या संघाच्या नाकी नऊ यायचे. मी पेटीवाली, घरी मुलांना गाणं शिकवणारी, आणि जातीची भित्री. वाटूरच्या पुढे धरणाच्या फुगवट्यात एक वस्ती बेट होऊन बसली आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत ना खेळ, ना गाणं, असं तिथल्या गुरुजींकडून कळलं आणि आपांनी मला न विचारताच शिकवायला दोघींची नावं देऊन टाकली. "शनिवारी कारखान्याला सुट्टी. तुमची पेटी बी धूळ खाऊन राह्यली. चला जल्दी!" वाटूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि मग... पाणी. पोत्यांत शिवलेल्या थर्माकोलवर फळ्या बांधून केलेला तराफा, आणि दोन्ही काठांना बांधलेला दोर. तो ओढत ओढत पलीकडे जायचं. माझं काठावरच धाबं दणाणायचं. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे आणि आपा म्हणायच्या, "डोळे उघडा, न्हाई तं पोचल्यावर बी बसूनच राहाल."

वस्तीतल्या मोठ्या मुली रोज त्याच तराफ्यावरून अलीकडच्या गावात शिकायला यायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की परतताना आम्हाला सोबत न्यायच्या. त्यात कांचन होती, तेव्हा सातवीत. माझी पेटी शेजारी ठेवून एका हाताने दोर ओढायचा मान तिचा.

दोन वर्षांपूर्वीचा भाद्रपद. धरण काठोकाठ भरलेलं, वारा सुटलेला. पलीकडचा काठ अगदी जवळ आला आणि तराफा एका बाजूने कलला. मी ओरडले. काय ओरडले? "पेटी! कांचन, पेटी धर!" पोरगी आज्ञाधारक. तिने दोर सोडला, पेटी कवटाळली आणि पेटीसकट पाण्यात गेली... आपांनी एका हाताने दोर धरून उडी टाकली. त्यांना पाणी गळ्यापर्यंत आलं. कांचनच्या ते डोक्यावरून होतं. वेणी हाताला लागली म्हणून पोर मिळाली. पेटी गेली ते बरंच झालं, नाही तर त्या पेटीकडे मला बघवलं नसतं.

काठावर कांचन खोकत होती आणि वर मलाच म्हणत होती, "मॅडम, पेटी सुटली माझ्या हातून." आपांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी काय ओरडले ते त्यांनी ऐकलं होतं. त्याबद्दल त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत, ना मला, ना दुसऱ्या कुणाला. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती. त्यांनी फक्त पोरींना विचारलं, "पवता कुणाकुणाला येतं?" एकीलाही येत नव्हतं. वस्तीतले पोरगे पाठीवर रिकामा कॅन बांधून लहानपणीच विहिरीत पोहायला शिकतात. पोरींना कोण उतरवणार? आणि आम्ही शहाण्या, चारी बाजूंनी पाणी असलेल्या मुलींना वर्षभर खो-खो शिकवत होतो.

आपांनाही पोहता येत नव्हतं. दिवाळीपर्यंत त्या भावाच्या मळ्यातल्या विहिरीत उतरत राहिल्या, पन्नाशीत, सलवार-कुर्त्यावर, पाठीला कॅन बांधून. भावजया ओढणीआड हसल्या. शिकून झाल्यावर त्या वस्तीतल्या आयांना भेटल्या. "तुमची पोर रोज पाण्यावरून जाती. ती पोरगी हाये का पोरगा, पाण्याला काय ठावं?" मग उथळ काठाला पोरी उतरल्या. मी कोरडी उभी राहून गाणं म्हणायचे आणि त्या ठेक्यावर त्या पाय मारायच्या. "तुमी बी उतरा की," आपा म्हणायच्या. मला भीती वाटते हो, असं मी एकदा म्हटलं, तर त्या हसल्या नाहीत. "मला न्हाई वाटत? दर शनिवारी वाटती, बिलकुल कमी होत न्हाई. कारखान्यात शुक्रवारपासूनच हात थरथरून राह्यतेत." मी त्यांना इतकी वर्षं धीट समजत होते.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या शनिवारी मी एकटी गेले. हे सगळं आता बंद, एवढंच सांगून परतायचं ठरवलं होतं. वाक्यही पाठ केलं होतं. पलीकडच्या काठावर पोरी कॅन बांधून उभ्या होत्या. बारक्या सहा-सात जणी अजून शिकायच्या होत्या. माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच: "अगं, मलाच पोहता येत नाही, मी कशी शिकवणार?"

"तुमाला आमी शिकवतो, मॅडम," कांचन म्हणाली. "मंग बारक्यांना तुमी धरा."

ती शाळेतून आपांचा निळा कॅन घेऊन आली. त्याच्या दोरीला आपांनी मारलेली गाठ तशीच होती, घट्ट, पाण्याने काळी पडलेली. आपा अंगाने भरलेल्या. माझ्या कमरेला ती दोरी सैल झाली. मी गाठ सोडायला गेले तर कांचनने माझा हात बाजूला केला. "ही न्हाई सोडायची," म्हणाली, आणि तिने दोरीलाच एक जास्तीचा वेढा दिला. चिखल, मग गुडघे, मग छाती. माझे दात वाजत होते. कांचनने माझ्या पोटाखाली हात घातले.

"सोडू नकोस गं मला," मी म्हणाले.

"न्हाई मॅडम. धरलंय मी."

आणि माझे पाय तळापासून सुटले.